सोमवार ते गुरुवार तुमच्या खोल्या रिकाम्या असतात

प्रति,
नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, किहीम, आवास, सासवणे आणि अलिबाग तालुक्यातल्या बाकी गावांमधले सगळे कॉटेजमालक, घरगुती निवासवाले आणि खानावळवाले दादा-वहिनी, काका-काकू यांना,

सप्रेम नमस्कार.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट साधारण तासाभरात मांडव्याला लागते. परळच्या टाटा हॉस्पिटलपासून भाऊचा धक्का टॅक्सीने फार तर अर्धा तास. हा हिशेब तुम्हाला नवा नाही, तुमचे शनिवार-रविवार याच बोटीवर चालतात. मला मात्र तो कळायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मी माझ्या मुलाला घेऊन परळमध्ये राहत होते आणि समुद्र आम्हाला टॅक्सीच्या खिडकीतून दोनदा दिसला होता.

मी जालना जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. नवरा शेती करतो. तुमच्या गावाशी आमचं नातं 2023 च्या जानेवारीतल्या चार दिवसांचं. त्या चार दिवसांच्या जोरावर आज तुमच्याकडे कर्करोगाच्या मुलांच्या कुटुंबांसाठी त्या रिकाम्या खोल्या मागते आहे, म्हणून आधी आमची हकीकत सांगते.

2021 च्या जूनमध्ये माझ्या धाकट्याला रक्ताचा कर्करोग निघाला. तेव्हा तो 6 वर्षांचा होता. आधी नुसता ताप होता. मग पिंढऱ्या दुखतात म्हणून रात्रभर रडायला लागला, मग मांडीवर आपटल्यासारखे निळे डाग. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट हातात न देता नवऱ्याला आत बोलावून घेतलं. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि यातली बरीच मुलं पूर्ण बरी होतात, हे मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याच बैठकीत हेही सांगितलं की उपचाराला दोन-अडीच वर्षं लागतील आणि मध्ये थांबता येणार नाही.

दोन-अडीच वर्षं म्हणजे काय, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. पुढे कळलं. महिन्यांच्या हिशेबाऐवजी काउंटच्या, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या आकड्याच्या, हिशेबाने जगायचं. काउंट चांगला आला तर इंजेक्शन, उतरला तर परत या. पाठीतलं इंजेक्शन असलं की आदल्या रात्रीपासून उपाशी. पाणी उकळून, जेवण ताजं आणि पूर्ण शिजलेलं, काकडी-कोशिंबीर बंद. थर्मामीटर उशाखाली. 100 च्या वर पारा गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, फाइल पिशवीत घालून निघायचं, कारण काउंट उतरलेल्या मुलाला ताप म्हणजे काही तासांचा प्रश्न असतो. आम्ही आधी दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत होतो, नंतर एका संस्थेच्या खोलीत. राहायची सोय झाली, हे आमचं मोठं भाग्य. कित्येक कुटुंबं हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर चटई टाकून दिवस काढतात, हे तुम्ही येता-जाता पाहिलं असेल.

सोय झाली, उपचार झाले, पैशालाही ट्रस्टांनी आणि नातेवाइकांनी हात दिला. एक गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नव्हती. आम्ही चौघं एकत्र कुठे बसलोच नाही. नवरा गावी, पेरणी-काढणी आणि मोठ्या मुलीची शाळा. मी आणि धाकटा मुंबईत. मोठी आजीपाशी. व्हिडिओ कॉलवर ती भावाला गोष्टी सांगायची आणि मला एवढंच विचारायची, ‘आई, जेवलीस का?’ अकरा वर्षांची पोर.

आमच्या शेजारच्या खोलीत बिहारमधल्या समस्तीपूरची एक 7 वर्षांची मुलगी होती. तिच्या वडिलांची भाषा मला अर्धी कळायची, तिची मात्र सगळी कळायची. तिला एकच ध्यास होता. गावाकडच्या तिच्या मैत्रिणींनी तिला विचारलं होतं, तू मुंबईत आहेस म्हणजे समुद्र पाहिलास ना? तिने ‘हो’ म्हणून टाकलं होतं, आणि आता ते खोटं तिला खरं करायचं होतं. मला विचारायची, ‘आंटी, मछली रात को सोती कहाँ है?’ मी शिक्षिका, पण मलाही सांगता आलं नाही.

चौपाटीवर नेणं सोपं होतं, पण गर्दीत न्यायला डॉक्टरांची मनाई. म्हणून आम्ही दोन्ही घरांनी ठरवलं की कुठेतरी शांत किनाऱ्यावर दोन दिवस जायचं. 2022 चा एप्रिल होता. तिचा काउंट बरा होता. मी चार-पाच ठिकाणी फोन केले. शनिवार-रविवारी खोली नव्हती आणि असली तर भाडं आमच्या पंधरा दिवसांच्या खर्चाइतकं. एका ठिकाणी मी भाबडेपणाने खरं सांगितलं, मुलं कर्करोगाची आहेत, जरा स्वच्छ खोली हवी. पलीकडून विचारलं गेलं, आजार लागट नाही असं डॉक्टरांचं पत्र आणाल का, बाकीची गिऱ्हाइकं नाराज होतात. त्या माणसाचा राग राग मी बरेच महिने केला. आज वाटतं, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून इथे सांगते: कर्करोग कुणापासून कुणाला लागत नाही. उलट आमच्या मुलांनाच तुमच्या साध्या सर्दी-खोकल्याची भीती असते. मास्क त्यांच्या तोंडावर असतो तो याचसाठी.

मग मे महिन्याची गर्दी सुरू झाली. आम्ही म्हटलं, जूनमध्ये बघू. जूनमध्ये पाऊस आला आणि तिचा काउंट उतरला. जुलैत तिला दाखल केलं. ऑगस्टमध्ये ती गेली.

तिच्या वडिलांनी सामान बांधताना मला तिची एक वही दिली. तिच्यात मी काढून दिलेले मासे तिने रंगवले होते.

आता मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका माणसाची गोष्ट सांगते. लांबची वाटेल, पण तो तुमच्याच धंद्यातला होता. हेन्री लँडवर्थ त्याचं नाव. 1927 साली बेल्जियममधल्या अँटवर्पला एका ज्यू कुटुंबात जन्मला. बालपण नाझींच्या छळछावण्यांत गेलं, आईवडील मारले गेले, तो आणि त्याची जुळी बहीण वाचले. खिशात 20 डॉलर घेऊन अमेरिकेत उतरला, हॉटेलात पडेल ते काम केलं, शिकला आणि फ्लोरिडात आधी मोटेल चालवलं, मग स्वतःची हॉटेलं काढली. डिस्ने वर्ल्ड या मुलांच्या आवडत्या करमणूक नगरीच्या परिसरात त्याच्या खोल्या होत्या, त्यामुळे आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्था त्याच्याकडे फुकट खोली मागायच्या आणि तो द्यायचा.

एकदा अशीच एका मुलीसाठी खोली मागितली गेली. एमी तिचं नाव, आजार आमच्याचसारखा, ल्युकेमिया. खोली तयार होती. पण प्रवास, तिकिटं, बाकीच्या परवानग्या जमेपर्यंत दिवस गेले आणि ती यायच्या आधीच गेली. लँडवर्थच्या हॉटेलातली ती खोली रिकामी राहिली.

हॉटेलवाल्याच्या आयुष्यात रद्द झालेल्या खोल्या शेकड्याने येतात. या माणसाला ती एक विसरता आली नाही. असं दुसऱ्या मुलाचं होऊ द्यायचं नाही, या जिद्दीने त्याने 1986 साली ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था काढली. वेळ पडली तर निरोप आल्यापासून 24 तासांत कुटुंबाला आणायचं, अशी तिची तयारी. सुरुवातीला संस्थेचं स्वतःचं काहीच नव्हतं. आपल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हॉटेलांतल्या खोल्या एवढंच भांडवल. तिकिटं देणारे, गाड्या देणारे त्याने एकेकाला गाठून जोडले. मागणी वाढली तेव्हा 1989 मध्ये किसिमी या गावी एक आख्खी वसाहतच उभी राहिली. आज ती 80 हून जास्त एकरांवर आहे आणि तिथे 166 घरं आहेत. आजवर दीड लाखाहून जास्त कुटुंबं तिथे आठवडाभर राहून गेली. राहणं, जेवण, फिरणं, कशाचाच पैसा द्यावा लागत नाही. चालवणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक.

मला त्या वसाहतीचा आकार फारसा महत्त्वाचा वाटत नाही, तिथल्या बारीकसारीक गोष्टी वाटतात. तिथे सकाळी उठल्याउठल्या आइस्क्रीम मिळतं, कारण औषधांनी तोंडाची चव गेलेलं मूल नाश्त्याला काय मागेल याचा नेम नसतो, आणि ते मागेल ते खरं. दर आठवड्याला नाताळ साजरा होतो, कारण डिसेंबर येईल तेव्हा येईल. भेटवस्तू आजारी मुलाला मिळते तशीच त्याच्या भावंडांनाही मिळते. आणि प्रत्येक मुलाच्या नावाची एक सोनेरी चांदणी तिथल्या छोट्या किल्ल्याच्या छताला लावतात. ती कधीच काढत नाहीत. पुढे मूल राहिलं नाही तरी आईवडील परत येऊन ती चांदणी शोधतात.

लँडवर्थ 2018 मध्ये वारला, 91 वर्षांचा होऊन. त्याची वसाहत चालू आहे. तशीच आयर्लंडमध्ये बॅरेट्सटाउनच्या जुन्या किल्ल्यात अभिनेता पॉल न्यूमनने 1994 साली आजारी मुलांसाठी शिबिरं सुरू केली. तिथे डॉक्टर-परिचारिका चोवीस तास असतात, पण मुलांच्या डोळ्यांत येऊ नयेत अशा बेताने. आपल्याकडेही कुणी काही करत नाही असं मी म्हणणार नाही. आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणारी मेक-अ-विश ही संस्था 1996 पासून मुंबईतून काम करते. सेंट ज्यूड इंडियाने 2006 पासून हजारो कुटुंबांना उपचाराच्या काळात विनामूल्य घर दिलं. माझ्या शेजारणींपैकी कितीजणी तिथे राहून गेल्या. या लोकांचे उपकार कशाने मोजावे?

पण राहण्याचं घर वेगळं आणि सुट्टी वेगळी. सुट्टी मागायला गेलं की लोक दचकतात. मी स्वतः दचकायचे. लोकांनी वर्गणी काढून उपचाराला पैसे दिले, त्यांच्या देखत समुद्रावर जायचं? नातेवाईक काय म्हणतील? रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपरला आणि थ्री-टिअर एसीला पूर्ण सवलत आहे, फार मोठी मदत आहे ती, पण तिच्या अटीत लिहिलंय की प्रवास उपचारासाठी किंवा तपासणीसाठी असावा. बरोबरच आहे म्हणा. तरी तो कागद भरताना माझ्या मनात यायचं, या पोराने दोन वर्षं फक्त उपचारासाठीच प्रवास करायचा का? त्याच्या डोक्यात आगगाडी म्हणजे सुई, असं समीकरण पक्कं झालं होतं. गाडी कल्याणला आली की तो ओकायचा. औषधाशिवाय, नुसत्या स्टेशनच्या नावाने.

गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषध आहे, हेही शाळेच्या भिंतीवर आपण रंगवतो. मी वर्गात ती पोरांकडून म्हणवून घेते. शेवटचं सूत्र आहे, दुःखी व निराशांना हिंमत. ते म्हणवून घेताना हल्ली माझ्या डोळ्यांपुढे नागावची ती वाडी येते.

2023 च्या जानेवारीत हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या ताईंनी मला बोलावलं. धाकट्याचे मोठे डोस संपून गोळ्यांचा टप्पा सुरू झाला होता. त्या म्हणाल्या, नागावला एक काकू आहेत, सोमवार ते गुरुवार त्यांची खोली रिकामी असते, चौघांना बोलावलंय, जाल का? डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं त्यांनी. मी नवऱ्याला फोन केला. त्याने दोन दिवसांत गव्हाचं पाणी शेजाऱ्यावर सोपवलं आणि मोठीला घेऊन आला.

काकूंचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. सुपारी-नारळाची वाडी, मधोमध विहीर, मागे दोन खोल्या. त्यांनी आमचं स्वागतबिगत केलं नाही. ‘आलात? चहा टाकते’ एवढंच. धाकट्याच्या डोक्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, ‘याला टोपी दे गं, वाडीत गार असतं.’ दीड वर्षात त्याच्या टकलाविषयी मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते.

ते दिवस स्टिरॉइडच्या गोळ्यांचे होते. ज्यांच्या घरात हे औषध आलंय त्यांना ती भूक माहीत आहे. मूल रात्री तीनला उठून वरणभात मागतं आणि मिळेपर्यंत रडतं. मी काकूंना आधीच सांगून ठेवलं, रात्री आवाज झाला तर माफ करा. त्यांनी स्वयंपाकघराची कडी उघडी ठेवली आणि रात्री कुकर लावून ठेवायचा कुठे ते दाखवून दिलं. पहिल्या रात्री तीनला मी वरण गरम करत होते तर त्या स्वतः उठून आल्या, पाट टाकला आणि पोरगा जेवेपर्यंत त्याच्याशी त्यांच्या मांजरीविषयी बोलत बसल्या. पुढे कधीतरी किसिमीच्या सकाळच्या आइस्क्रीमबद्दल वाचलं तेव्हा मला ती कडी आठवली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला कुलाबा किल्ल्यावर गेलो. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाने त्याच्या पायांत जोर नव्हता, म्हणून घोडागाडी केली. गाडीवाल्या दादांनी चक्क त्याच्या हातात लगाम दिला. समुद्रात घोट्यापर्यंतच जायची परवानगी होती, तो तेवढ्याच पाण्यात दीड तास उभा राहिला. समस्तीपूरच्या मैत्रिणीची वही त्याने हट्टाने बरोबर आणली होती. वाळूवर बसून त्याने तिच्यातला एकेक मासा समुद्राकडे तोंड करून धरला. मी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकूंनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, सगळं भांबुर्डीच्या पाल्यात दडपून मडक्यात, मडकं उपडं आणि भोवती जाळ. आम्ही मराठवाड्यातली माणसं, आमच्याकडे हुरडा असतो, पोपटी पहिल्यांदाच पाहिली. आत सगळं कडक शिजून निघतं, त्यामुळे मलाही घोर नव्हता. अंडी सोलताना धाकट्याची आणि बापाची भांडणं लागली, खरीखुरी, ‘माझं मोठं आहे’ म्हणून. अडीच वर्षांचा असल्यापासून ते दोघं असे भांडायचे. आजार निघाल्यापासून नवऱ्याने त्याला एकदाही उलटून उत्तर दिलं नव्हतं. घाबरायचा तो स्वतःच्या पोराला. त्या जाळाशेजारी त्याची भीती गेली.

आणि एक गोष्ट, जी मी मोठीला विचारून लिहिते आहे. त्याच रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, वेणी घालून दे. किती दिवसांनी तिचे केस माझ्या हातात आले. वेणी घालता घालता तिने सांगितलं की मला दिवाळीच्या आधीच पाळी आली. आजीने सगळं केलं, आजी चांगली आहे, पण मी तिला सांगितलं की आईला कळवू नको, तिला भाऊचं टेन्शन असतं. माझा हात थांबला. तीन महिने पोरीने एकटीने सांभाळलं होतं हे. आम्ही दोघी विहिरीच्या कठड्यापाशी मध्यरात्रीपर्यंत बसलो. व्हिडिओ कॉलवर हे कधीच झालं नसतं. हॉस्पिटलच्या खोलीतही झालं नसतं, तिथे तिला यायचीच परवानगी नव्हती.

लोक मला विचारतात, चार दिवसांनी काय फरक पडला? त्याचा काउंट वाढला नाही, गोळ्या कमी झाल्या नाहीत. पण जाताना बोटीवर मोठी त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि तो इतका हसला की मास्क खाली आला. पुढच्या वर्षभराच्या उपचाराला आम्ही चौघं मिळून गेलो, तोवर दोन-दोन होतो. आज तो चौथीत आहे. उपचार संपले, आता ठरलेल्या मुदतीने तपासणीला येतो.

आता मागणं.

तुमचे शुक्रवार ते रविवार भरलेले असतात, सोमवार ते गुरुवार दिवाळी, नाताळ आणि मे सोडला तर बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात. मला भरलेले दिवस नकोत. वर्षातून एकदा, एका घराने, एका कुटुंबाला सोमवार ते गुरुवार द्यावा. ऑक्टोबर ते मे साधारण 34 आठवडे होतात. गर्दीचे वगळून 30 धरा. तालुक्यातली 30 घरं तयार झाली तर पाऊस सोडून जवळपास दर आठवड्याला एक कुटुंब किनाऱ्यावर असेल, आणि कुठल्याही घरावर वर्षातून चार दिवसांपेक्षा जास्त भार येणार नाही. मोठी वसाहत, देणगीदार, इमारत यांची वाट पाहायची गरज नाही. लँडवर्थनेही रिकाम्या खोलीपासूनच सुरुवात केली होती.

कुटुंब तुम्ही निवडू नका. ते काम तुमच्यावर आलं तर तुम्ही हैराण व्हाल, कोण जास्त आजारी, कोण जास्त गरीब, हे कुणी ठरवावं? मोठ्या हॉस्पिटलांत मेडिकल सोशल वर्कर असतात. तुमच्या तारखा त्यांच्याकडे द्या, कुणाचा काउंट ठीक आहे आणि कुणाला डॉक्टर सोडतील ते त्यांना कळतं. आणि तारखा लवचीक ठेवा. सोमवारी यायचं ठरलेलं कुटुंब रविवारी रात्री ‘ताप आला’ म्हणून फोन करेल. तेव्हा कृपा करून ‘तुमचा नंबर गेला’ म्हणू नका. आणि कधी निरोप येईल की उद्याच पाठवतो, पुढच्या महिन्यापर्यंत थांबता येणार नाही. त्या वेळी, दादांनो, कशीही करून खोली काढा. शेजाऱ्याची मागा. एवढं एक मी हात जोडून मागते.

खोलीला एसी नसला तरी चालेल. चादरी धुतलेल्या, संडास स्वच्छ, पाणी उकळलेलं, जेवण डोळ्यांदेखत शिजलेलं. घरात कुणाला सर्दी-ताप, कांजिण्या असल्या तर आधी सांगा, कांजिण्या तर अजिबात चालत नाहीत. जिल्हा रुग्णालय अलिबागलाच आहे, त्याचा नंबर आणि रात्री येईल अशा एका रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लावा. हॉस्पिटलकडून कुटुंबाबरोबर एक चिठ्ठी येईल, ताप आल्यावर काय करायचं त्याची. एवढं असलं की डॉक्टर मंडळी बिनघोर पाठवतात.

भावंडांना बोलवा. ‘एक पेशंट, एक सोबत’ असा हॉस्पिटलचा नियम असतो, तुमच्या ओटीवर तो नको.

फोटो काढू नका. हे मी जरा जोरात सांगते. कुणाला चांगलं काम दाखवायची हौस असते, वाईट नाही ते, पण टक्कल पडलेल्या पोराच्या हातात खेळणं देतानाचा फोटो गावभर फिरला की पुढे दहा वर्षांनी तो पोरगा नोकरी मागायला जाईल तेव्हाही तो फोटो कुठेतरी असेल. काकूंनी आमचा एकही फोटो काढला नाही. आमच्याकडे त्या चार दिवसांचे 63 फोटो आहेत, सगळे मोठीने काढलेले.

आणि ‘शेवटची इच्छा’ हा शब्द वापरू नका. तुमच्याकडे येणारी बरीच मुलं बरी होणार आहेत. काही नाही होणार. कोण कुठलं, हे जेवायला वाढताना ठरवायचं कारण नाही. त्यांच्यासमोर ‘बिचारा’ म्हणू नका, रडू आलं तर वाडीत जाऊन या. आम्हीही तेच करतो.

पर्यटन विभागाच्या आणि महामंडळाच्या अधिकाऱ्यांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांनाही विनंती: न्याहारी आणि निवास योजनेत नोंदलेल्या ज्या घरांची अशी तयारी असेल, त्यांची यादी करून तुम्हीच हॉस्पिटलांच्या समाजसेवा विभागांकडे द्या. महामंडळाची स्वतःची निवासंही आठवड्याच्या मधल्या दिवसांत भरलेली नसतात. रो-रोवाल्यांनी अशा कुटुंबांना तिकीट माफ केलं तर आमचा परळहून इथवरचा सगळा रस्ता मोकळा होईल.

येत्या जानेवारीत धाकट्याची तपासणी आहे. ती झाली की आम्ही चौघं तीन दिवस नागावला येणार आहोत, या वेळी पैसे देऊन, काकूंना ते मान्य करावं लागेल. त्या तीन दिवसांत कुणीही ओटीवर बोलावलंत तर मी येईन. समाजसेवा विभागाच्या ताईंना तुमच्याकडून कोणती माहिती लागेल, ते त्यांना विचारून, कागदावर उतरवून आणेन. ज्यांना नुसतं विचारायचं असेल, शंका असतील, भीती वाटत असेल, त्यांनीही बोलवा.

काकू, मडकं राखून ठेवा. मोठीने सांगायला सांगितलंय, या वेळी शेंगा ती भरणार आहे.

आपली,
एक आई
जालना जिल्हा